चार तळहात रस्ता

आमच्याकडे कोणी वाहनाने आले, की मी फाटकाशी पोचायच्या आधी शेजारचे सुभेदार निकम तिथे हजर असत. पाहुण्याला ते नमस्कार करीत नसत. सरळ पुढच्या चाकाशी उकिडवे बसत, डोळे मिटत आणि टायरवर उजवा तळहात ठेवीत. वैद्य नाडी बघतो तेवढा वेळ. मग गुडघे झाडून उठत आणि पाहुण्याचे नाव-गाव विचारायच्या आत त्याला त्याचा स्वभाव सांगत.

मी मुलींच्या शाळेत हेडक्लार्क होते. एकदा शाळेची तपासणी करायला आलेले साहेब राहिलेले कागद न्यायला जीप घेऊन माझ्या घरी आले. सुभेदारांनी टायर चाचपले आणि साहेबांच्या देखत मला म्हणाले, "बाई, मधी झिजलंय, कडंनं नवं हाय. हवा लय हाय साहेबात. जपून ऱ्हावा." साहेबांनी त्या वर्षी शाळेला दिलेला शेरा वाचून मुख्याध्यापिका आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत.

साताऱ्यात सदर बझारला आमची दोन घरे, मध्ये कमरेएवढी भिंत. सुभेदार चोवीस वर्षे पलटणीत मोटारी चालवून आलेले. बर्फात चालवल्या, वाळूत चालवल्या, पूल नसलेल्या नदीतून चालवल्या. माणूस बुटका, छातीने रुंद, मिशा पांढऱ्या आणि विंचरलेल्या. घरात बायको, म्हणजे आमच्या वहिनी. एकुलती मुलगी सुशी, ती शिराळ्याला दिलेली. आणि दारात कडुलिंबाखाली करड्या रंगाची जुनी विलायती मोटार. पलटणीतल्या एका साहेबाने बदली होताना ती यांना दिली होती. वहिनी मोटारीला 'थोरली' म्हणत. स्वतःला धाकटी समजत.

सुभेदारांचे तत्त्वज्ञान एका वाक्यात मावे. "गाडी केवढी का असंना, रस्त्याला लागती ती चार तळहातांएवढीच. बाकीचं समदं हवेत." हे सांगताना ते आपले दोन तळहात पुढे करीत आणि उरलेल्या दोनांसाठी समोरच्याचे मागून घेत. माझे तळहात या कामी इतक्या वेळा लागले आहेत, की त्यांचे भाडे लावायला हवे होते. चार तळहात जुळले की ते वर बघून म्हणत, "ह्याच्यावर बायकापोरं बसल्यात. रस्ता धरला पायजे."

'रस्ता धरला पायजे' हे त्यांचे सगळ्या गोष्टींना लावायचे माप होते. आमच्या नव्या मुख्याध्यापिकेबद्दल म्हणाले, शिकलेली हाय, पर रस्ता धरत न्हाई. माझ्या हातच्या पोळ्यांबद्दल म्हणाले, दिसायला बऱ्या, पोटात गेल्यावर रस्ता धरत न्हाईत. जावईही त्यांनी याच मापाने निवडला. मुलगा सुशीला बघायला मोटारसायकलवरून आला होता. सुभेदार आधी खाली बसले, दोन्ही चाकांवरून हात फिरवला, आणि पोहे यायच्या आत होकार दिला. का, तर टायरे सगळीकडून सारखी झिजली होती. "ज्याचं टायर सारखं झिजतंय, त्याची वागणूक सारखी." अर्ध्या तासात मुलीचे लग्न ठरवले. जावई खरोखर चांगला निघाला, त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही.

हाच माणूस मोटारीची चार टायरे निवडायला दोन वर्षे लावील, असे कोणाला वाटले असते?

मोटारीचे रोजचे काम तरी काय होते? सकाळी पोवई नाक्यावरून भाजी आणायची. महिन्यातून एकदा कोरेगावला जाऊन घेवडा आणायचा. वेग ताशी वीस मैल. त्याच्या पुढे काटा गेला की वहिनी मागून छताचा पट्टा धरून रामाचे नाव घ्यायच्या. सायकलवाले पुढे निघून जात आणि वळून बघत. आणि एवढ्यासाठी सुभेदारांना हवे होते ते टायर कसे? केळघरच्या घाटात, मुसळधार पावसात, ताशी साठ मैलांना वळणावर सोडले तरी एक बोटभर न सरकणारे. मी एकदा स्पष्टच विचारले, की कोथिंबीर आणायला हे कशाला? ते म्हणाले, "बाई, पोलीस काय रोज चोर धरतो व्हय? पर काठी असती का न्हाई हातात?"

 

मोटारीचे खरे काम वर्षातून एकदा असे. नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला मुराळी जावा लागतो. भाऊ असला तर भाऊ, नाहीतर बाप. सुशीला भाऊ नव्हता. लग्नाच्या मांडवात सुभेदारांनी व्याह्यांना चारचौघांत सांगून ठेवले होते, की दरसाल मी स्वतः मोटार घेऊन येणार, माझी लेक यष्टीच्या भरवशावर दिलेली नाही. पहिली चार वर्षे ते गेलेही. आदल्या दिवशी पहाटे मोटार धुवायची, डोक्याला फेटा बांधायचा, पेठपर्यंत डांबर आणि पुढे खडी, दुपारपर्यंत शिराळा. संध्याकाळी मोटार परत दारात, मागच्या सीटवर सुशी, हातभर हिरव्या बांगड्या. गल्लीतल्या सगळ्या बायका बघायला यायच्या. मीही जात असे.

पाचव्या वर्षी टायरे गोटा झाली. म्हणजे वरची नक्षी झिजून साफ गुळगुळीत. नवी टायरे येईपर्यंत मोटार हलणार नाही, असे सुभेदारांनी जाहीर केले. गोटा टायरावर लेक बसवणार नाही. ते बरोबरच होते. मी म्हटले, पंचमीला दीड महिना आहे, घेऊन टाका. ते म्हणाले, घेऊन टाकायला काय भेंडी हाय?

आणि मला यादी करायला बसवले.

यादी करणे हा माझा धर्मच आहे. घरात किराण्याची, औषधांची, उसन्या दिलेल्या भांड्यांची, सगळ्याची माझ्याकडे यादी असते आणि झालेल्या कामावर रेघ मारल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्यामुळे मला वाटले, चार टायरे म्हणजे एक पान, आठ दिवसांत रेघ. मी एक वही आखली. कोणते टायर, किती थरांचे, नक्षी कशी, ओल्या रस्त्यावर कसे, आवाज किती, कुठे मिळते. सुभेदार रोज संध्याकाळी भिंतीपाशी येऊन माहिती सांगत, मी लिहीत असे. लिहिलेले वाचून दाखवावे लागे. स्वतः वही हातात घेत नसत. "लिवल्यालं कानानं ऐकलं की खोटं कुठं हाय ते कळतंय," म्हणायचे. मला ते पटलेही होते. शाळेत कितीतरी अर्ज असेच पकडले जात.

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तिथेच प्रत्येक स्थळ मोडे. एक टायर गालाला मऊ. एक वळणावर शेपूट हलवते. एक पावसात बरे पण उन्हात चिडते. एकाची नक्षी इतकी दाट, की खडा अडकला तर पिढ्यान्पिढ्या राहील. एक डांबरावर बडबड करते, आणि बडबडे टायर म्हणजे बडबडा नोकर, कामाला नाही. जुन्या टायरावर नवे रबर चढवून घेण्याचा विषय मी काढला, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. कारण विचारले तर म्हणाले, "म्हाताऱ्याला कलप लावून बोहल्यावर चढवायचा सल्ला देताय."

पुणे झाले, कोल्हापूर झाले, कऱ्हाड झाले. ओळखीच्यांकडे चौकशी करून मीही नावे आणू लागले. वही भरली. दुसरी आणली. त्या वर्षीची पंचमी गेली. मुराळी गेला नाही. सुशीला सासरचे म्हणाले, चल, आम्ही यष्टीत बसवून देतो. ती म्हणाली, आबा आल्याशिवाय येणार नाही. बापाचाच हट्ट, दुसरे काय.

दुसरी पंचमी गेली.

या दोन वर्षांत मोटार कडुलिंबाखाली उभी. रविवारी सुभेदार आत बसत, इंजिन दहा मिनिटे चालू ठेवत आणि बंद करत. वहिनी आतून म्हणायच्या, चला, थोरलीची न्याहारी झाली. पूर्वी त्या हे हसून म्हणत. नंतर नुसते म्हणत. सुभेदारांचा स्वभावही किरकिरा झाला होता. पाण्याची कळशी उंबऱ्याजवळ का ठेवली, ओट्यावरचे पाट का हलवले, यावरून भांडत. दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नसत. फाटकापर्यंत यायचे तर भिंतीला हात लावून, रमतगमत. वहिनी म्हणायच्या, निवृत्तीचा थाट आहे.

शिराळ्याहून कार्डे येत. ती मीच वाचून दाखवत असे, कारण वहिनींना अक्षरओळख नव्हती आणि सुभेदारांचा चष्मा बदलायचा राहिला होता. तिसऱ्या पंचमीच्या आधी जे कार्ड आले ते मी एकदा मनात वाचले आणि मोठ्याने वाचावे की नाही याचा विचार केला. सुशीने लिहिले होते, की इथे सासूबाई रोज विचारतात, तुझ्या बापाला टायर सापडले का? जावा हसतात. मी आता काही उत्तर देत नाही. आबांना टायर मिळाले नसेल तर तसे कळवावे, म्हणजे या वर्षी मी दारात उभी राहणार नाही. आणि पुढेही राहणार नाही.

वाचून झाल्यावर वहिनी उठून चुलीपाशी गेल्या. सुभेदार मोटारीजवळ जाऊन बसले. मला त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता. मी घरी येऊन दोन्ही वह्या पुन्हा चाळल्या आणि एक गोष्ट लक्षात आली. पुणे, कोल्हापूर, कऱ्हाड, सगळी गावे होती. सांगली नव्हती. एवढी मोठी पेठ, आणि यादीत नाही. माझ्यासारखीच्या यादीत असे राहते म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून सांगितले, की रविवारी मी बहिणीकडे सांगलीला निघाले आहे, तिथल्या मोठ्या दुकानात विचारून येते. रेडियल टायर हा शब्द तेव्हा साताऱ्यात नुकताच आला होता, तोही मी वापरला. सुभेदार म्हणाले, सांगलीत काय मिळत न्हाई. मी म्हटले, न मिळू दे, मला रेघ मारायची आहे. आतून वहिनी बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "बाई, मिळंल ते घिऊन या. कसलं बी."

त्यावर सुभेदार म्हणाले की तेही येतात, बाईला टायरातलं काय कळतंय.

 सांगलीच्या स्टँडवर उतरताना सुभेदारांनी पायरीवर बराच वेळ लावला, मागची माणसे ओरडली. रस्त्यात मला म्हणाले, तुमी म्होरं चला, छत्री उघडी ठिवा. ऊन नव्हते, पाऊस नव्हता. मी छत्री उघडली. सुभेदारांच्या सांगण्याला कारण विचारायचे मी केव्हाच सोडून दिले होते.

दुकान इस्माईलभाई नावाच्या गृहस्थांचे होते. पांढरी दाढी, डोक्याला गोल टोपी, पुढ्यात चहाचा पेला. मी वही काढली आणि घसा साफ केला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मागे गेली आणि ते उठूनच उभे राहिले.

"सुभेदारसाब! आवं हुता कुठं? दोन वर्सं झाली. मी म्हनलं, मानूस हाय का गेला."

 इस्माईलभाईंनी शिडी लावली, त्या वयात स्वतः माळ्यावर चढले आणि गोणपाटात शिवलेली चार गाठोडी एकेक करून खाली सोडली. गोणपाट उसवले. आत चार टायरे, कोरी, शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीने माखलेली. विलायती रेडियल. मुंबईहून मागवलेली. पैसे तर यांनी त्याच दिवशी दिलेले, संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला येऊन नेतो म्हणाले आणि आले नाहीत, असे इस्माईलभाई मला सांगत होते. "दर दोन म्हयन्यानं उलटून ठिवतोय बाई. एका अंगावर पडून ऱ्हायली तर बसत्यात. आमानत हाय लोकाची."

मी वहीकडे बघितले. दोन वर्षे, दोन वह्या, सत्तेचाळीस टायरे.

सुभेदार खाली बसले. डोळे मिटले नाहीत, उघडेच होते. पहिल्या टायरावरून त्यांनी हात फिरवला. कोऱ्या टायरावर रबराचे बारीक केस असतात, साच्यातून निघतानाचे. मैल-दोन मैल चालले की झिजून जातात. सुभेदार त्याला जावळ म्हणत. "जावळ हाय अजून," ते म्हणाले. एवढेच.

इस्माईलभाई चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा मी विचारले. आवाज चढवून विचारले, हे मला कबूल केले पाहिजे. वहिनींचे तोंड बघितले आहे का, सुशीचे कार्ड ऐकले आहे का, सगळे विचारले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग सांगितले ते टायराकडे तोंड करून.

टायरे घेतली त्या दिवशी परतीच्या यष्टीला तीन तास होते. म्हणून ते चष्मा बदलून घ्यायला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. कडेचे दिसत नाही, एवढीच तक्रार होती. महिनाभरापूर्वी नाक्यावर एक सायकलवाला बाजूने आला तो दिसलाच नव्हता. त्याचे नशीब, वेग वीस मैल होता. डॉक्टरने तपासले, पुन्हा तपासले. काचबिंदू. मोतीबिंदूसारखा काढता येत नाही. गेलेली नजर परत येत नाही. कडेने खात खात मध्यावर येणार. थेंब दिलेत. गाडी आजपासून बंद.

"दवाखान्यातनं निघालो आन् सरळ स्टँडवर गेलो," सुभेदार म्हणाले. "बाई, टायर मिळालं म्हनलं की गाडी काडावी लागती."

मी म्हटले, मग मोटारीचे सोडा. यष्टीने जा. मी येते बरोबर. मुलीला बाप हवा आहे, मोटार नको आहे.

ते हसले. त्यांचे हसणे मी दोन वर्षांनी बघत होते.

"यष्टीतनं उतरताना पायरी चुकंल, बाई. व्याह्याच्या दारात. पोरगी पळत यील आन् हाताला धरून न्हेल मला. मुराळी कोन आन् आनल्याली कोन?"

मी पर्याय सांगितले. मला तेवढेच येते. पगारी ड्रायव्हर लावू. जावयाला बोलावून घेऊ. वहिनींना विश्वासात घेऊ. त्यांनी प्रत्येकावर शेरा दिला, तेच त्यांचे टायरांवरचे शेरे. ड्रायव्हर बडबड करंल. जावई मऊ हाय, त्याला सांगितलं की तिला कळलं. आणि वहिनी? "ती मला उंबऱ्याभाईर पाऊल टाकू द्यायची न्हाई. सादी भाजी आनायची म्हनलं तरी बोट धरंल." मग त्यांनी माझ्याकडून वचन घेतले. कुणाला सांगायचे नाही. मी दिले. देऊ नये हे मला तेव्हाही कळत होते.

टायरे यष्टीच्या टपावर घालून साताऱ्याला आणली. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याने ती चढवली. वहिनींनी चारी चाकांना हळदकुंकू लावले, नारळ फोडला, थोरलीच्या कपाळाला टिळा लावला. त्या रात्री त्यांनी मला वाटीभर खीर आणून दिली आणि म्हणाल्या, बाई, तुमचे उपकार. ती खीर मी तशीच झाकून ठेवली.

पंचमीला आठ दिवस राहिले. पाच राहिले. वहिनींनी फेटा धुऊन इस्त्रीला दिला. आणि सुभेदारांनी नवे शोधून काढले. कोरे टायर एकदम लांबच्या रस्त्याला काढायचे नसते. आधी शंभर मैल गावातल्या गावात चालवून त्याची माया जमू द्यायची असते. "जावळ न काडल्यालं पोर कुनी एवढ्या लांब न्हेतं व्हय?" वहिनींनी विचारले, मग चालवा की शंभर मैल, पाच दिवस आहेत. सुभेदार म्हणाले, ह्या पावसात?  इस्त्रीहून आलेला फेटा वहिनींनी घडी न मोडता ट्रंकेत ठेवला. मला ट्रंकेचे झाकण पडलेले भिंतीपलीकडून ऐकू आले.

मी रोज ठरवत होते, की आज वचन मोडायचे. रोज वही घेऊन भिंतीपाशी जात होते. सुभेदार चाकाशी बसलेले असत आणि म्हणत, वाचा, काय आनलंय. आणि मी, वयाने पन्नाशीला आलेली, शहाणी म्हणवणारी बाई, त्यांना जुन्याच टायरांचे जुनेच शेरे वाचून दाखवत असे. वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात. कारण अजून निवड चालू आहे, स्टेपनीसाठी पाचवे टायर शोधायचे आहे, असे त्यांनी घरात सांगितले होते.

पंचमीच्या आदल्या दिवशी शाळा अर्धी होती. मी ओट्यावर भांडी घासत होते. रस्त्याच्या वळणावरून एक बाई पिशवी घेऊन चालत येताना दिसली. पिशवी जड होती, ती हात बदलत होती. फाटकाजवळ आली तेव्हा ओळखू आली. सुशी. एकटी. मुराळी नाही, नवरा नाही, लुगड्याला वाटेतला चिखल आणि हातभर हिरव्या बांगड्या. दोन वर्षांत काय काय बोलायचे साठले होते, ते सगळे तिच्या तोंडावर ओळीने लागलेले होते. शिराळ्याहून ते पाठ करतच आली असणार.

सुभेदार पुढच्या चाकाशी बसले होते. तोंड फाटकाकडे. दोघांत आठ पावलांचे अंतर. ती उभी राहिली. वर बघून ते काय म्हणतात याची वाट बघत राहिली. त्यांनी वर बघितलेही, सरळ तिच्याकडे.

"बाई का?" ते म्हणाले. "वाचा, काय आनलंय."

सुशी हलली नाही. मग तिने मान वळवून भिंतीवरून माझ्याकडे बघितले. मी राखेने भरलेले हात घेऊन उभी होते. कुणाला सांगणार नाही असे मी वचन दिले होते आणि मी काहीही सांगितले नाही. तोंड फिरवायला मात्र मला सुचले नाही.

तिने पिशवी तिथेच जमिनीवर ठेवली. हळू चालत जाऊन त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि त्यांच्या हाताच्या बाजूला टायरवर आपला तळहात टेकला. बांगड्या वाजल्या. सुभेदारांचा हात थबकला, मग सरकून तिच्या हातावर आला. टायराची नक्षी चाचपतात तसे त्यांनी तिचे एकेक बोट चाचपले. अंगठीपाशी थांबले. 

"यष्टीनं आलीस?"

"व्हय, आबा."

"बसायच्या आदी टायर बघितलं हुतंस?"

"बघितलं की. पार गोटा हुतं."

"मग?"

"रस्ता धरला, आबा."

आतून वहिनींनी विचारले, कोण आलंय.  सुशीचा अंगठा टायरावरच्या त्या बारीक रबरी केसांवरून मागेपुढे फिरत होता. एकही झिजलेला नव्हता.